आय आणि जपानी आचारी

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका धाग्याच्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पालघरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. आमच्या दांडी गावातून कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसणारी मी पहिलीच मुलगी. बाबा मासेमारीला जायचे आणि आय बोईसरच्या बाजारात मासे विकायची. सकाळी मी पांढरा कोट चढवून धाग्याची ताकद मोजायचे. त्याच वेळी तिकडे रस्त्याच्या कडेला आय पाटी मांडून बसलेली असायची.

प्रयोगशाळेत सगळे बाहेरचे. कुणी साताऱ्याचे, कुणी खानदेशातले, दोघं बिहारचे. डबा खायला सगळे एकत्र बसायचे, मी नाही. माझ्या डब्यात सुके बोंबील असले की कुणीतरी हळूच खिडकी उघडायचं. बोलत कुणी नव्हतं, पण खिडकी उघडल्याचं मला कळायचं. म्हणून मी आतल्या खोलीत, काचेच्या बाटल्यांच्या कपाटामागे बसून जेवायचे.

त्या वर्षी कारखान्यात जपानहून नवी यंत्रं आली आणि ती बसवायला एक जपानी इंजिनिअर. पन्नाशीचे, बुटके, कायम टोपी घातलेले. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. कंपनीच्या गेस्ट हाऊसवर त्यांची राहायची सोय होती. तिथला आचारी मालकाच्या सांगण्यावरून शुद्ध शाकाहारी स्वयंपाक करायचा. दीड महिन्यात साहेबांची पँट कमरेवर राहीनाशी झाली. आचारी गेटवर येऊन सगळ्यांना सांगायचा, "साहब कुछ खाते ही नहीं. पनीर देखकर नमस्ते करते हैं और उठ जाते हैं."

एके दुपारी मी कपाटामागे डबा उघडला. भाजलेले सुके बोंबील, तांदळाची भाकर आणि कांदा. दोन घास झाले नसतील तोच दार उघडलं आणि साहेब आत आले. त्यांना धाग्याचा अहवाल हवा असेल असं वाटून मी घाईघाईने डब्यावर झाकण ठेवलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटले आणि उभ्या उभ्याच एक लांब श्वास घेतला. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हा वास... माझ्या घरचा आहे."

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी एक बोंबील उचलला, अर्धा तोडला आणि इतका सावकाश चावला की मला तिकडे बघायचंच अवघड झालं. ज्या वासासाठी मी कपाटामागे लपत होते, त्या वासाने त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

घरी येऊन मी आयला सांगितलं. ती म्हणाली, "मग आधी का नाय सांगितलास? उपाशी ठेवलास माणसाला?" दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर दोन डबे जायला लागले. कधी जवळ्याची चटणी, कधी बांगड्याचं कालवण, कधी तळलेली बोय. साहेब प्रत्येक डबा धुऊन, पुसून, दोन्ही हातांनी परत करायचे. त्यांच्या भाषेत आईला 'ओकासान' म्हणतात, हे त्यांनी मला शिकवलं. डबा हातात देताना ते वाकून म्हणायचे, "ओकासानला सांगा, खूप छान होतं." मी घरी निरोप द्यायचे आणि आय उलट विचारायची, "मीठ बरोबर होता का, ता सांग."

यंत्रं चालू झाली. साहेबांची जायची तारीख ठरली, तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं की मुंबईत समुद्रासमोर एक मोठं हॉटेल आहे, त्यात जपानी जेवण मिळतं, आणि तिथला आचारी त्यांच्याच मुलखातला आहे. जायच्या आधीच्या रविवारी त्यांना ओकासानला तिथे दुपारच्या जेवायला न्यायचं होतं. मीही यायचं. कंपनीची जीप मिळणार होती.

बाबा हसून लोटपोट झाले. "मासा खायाला मुंबईला जायाचा? अरे, मासा हितून मुंबईला जातो!"

आय मात्र हसली नाही. ती शनिवारी बाजाराला बसली नाही. रविवारी पहाटे दोनदा आंघोळ केली आणि माझा वासाचा साबण मागून घेतला. नवं लुगडं काष्टा मारून नेसली, गळ्यात सगळे दागिने घातले, अबोलीचा गजरा माळला. मग माझ्यापुढे हात धरून म्हणाली, "वास येतो का गं बाय, बघ." मी वास घेतला. साबणाखाली, नखांच्या कडेला, मासळीचा वास होताच. "नाय येत," मी म्हणाले.

मनोरवरून हायवेला लागून आम्ही अकराच्या सुमारास मुंबईत पोचलो. हॉटेलचं दार उघडायला फेटा बांधलेला उंचच उंच माणूस होता. तो आयला अडवील अशी माझी खात्री होती आणि अडवलं तर काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. त्याने कमरेत वाकून दार उघडलं. आयने त्याला विचारलं, "बरा हाय ना रे बाबा?" आणि आत गेली. आत इतका गारवा आणि इतकी शांतता होती की माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला.

जपानी हॉटेल पहिल्या मजल्यावर होतं. दाराला फिकट निळ्या कापडाचे अर्धे पडदे. साहेब आम्हाला टेबलाकडे न नेता थेट लाकडी फळीपाशी घेऊन गेले. एका अखंड झाडाची असावी अशी ती फळी होती. अलीकडे आमच्या बसायच्या खुर्च्या आणि पलीकडे आचारी. साठीचा, डोक्याला पांढरी पट्टी बांधलेला, चेहऱ्यावर रेषही हलत नाही असा माणूस. आम्ही बसलो तशी एका मुलीने बांबूच्या तबकात गरम, ओले रुमाल आणून ठेवले. आयने रुमाल उलगडला, दोन्ही हात पुसले, तोंड पुसलं, मानेवरून फिरवला आणि डोळे मिटून म्हणाली, "अगो, जीव थंड झाला." रुमाल गरम होता, पण तिचं म्हणणं मला कळलं.

मग आचाऱ्याने सुरी काढली.

ही सुरी मी नंतर कितीदा तरी आठवली आहे. लांब, निमुळती, एकाच बाजूने धार लावलेली. त्याने ती ओल्या कापडावरून फिरवली आणि समोर गडद लाल मांसाची एक वडी ठेवली. सुरी मुठीपासून टोकापर्यंत एकदाच मागे ओढली. करकर नाही, दाब नाही. एक तुकडा आडवा पडला. पुन्हा एकदा. प्रत्येक तुकडा पहिल्याइतकाच जाड आणि प्रत्येकाची कड काचेसारखी चमकणारी. आयने जन्मभर मासे कापले होते. विळीवर ती इतक्या झपाट्याने कापायची की गिऱ्हाईक बोलेपर्यंत तुकडे पानात पडलेले असायचे. पण आता ती फळीवर दोन्ही कोपरं टेकून पुढे झुकून एकटक बघत होती. देवळात आरती चालू असताना ती अशीच बघायची.

"ह्यो तं कुपा हाय!" ती एकदम म्हणाली.

मी दचकले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की आयने मासा ओळखला, ट्यूनाला आमच्याकडे कुपा म्हणतात. साहेबांनी ते जपानीत सांगितलं. आचाऱ्याचे हात थांबले. नुसत्या वडीवरून ओळखला? त्याने साहेबांना विचारलं आणि साहेबांनी मला.

"त्यात काय ओळखायचा?" आय म्हणाली. "मांस बघितला का कळतो. पन आमच्याकडे कुपाला कोन इचारीत नाय. रगत लय. आनि ह्यो त्याला सोन्यासारखा कापतो!"

ते सांगायला मला थोडा वेळ लागला, कारण 'सोन्यासारखा' नीट पोचायला हवं होतं. आचाऱ्याने भाताचा एक लहानसा गोळा दोन बोटांनी दाबला, वर कुप्याचा तुकडा ठेवला आणि तो आयच्या समोर फळीवर मांडला. साहेबांनी चिमट्यासारख्या काड्या घेतल्या आणि आयसाठीही मागवायला लागले. आचाऱ्याने मान हलवली. स्वतःची तीन बोटं उचलून दाखवली. साहेब हसले आणि मला म्हणाले, "हे हातानेच खायचं असतं. जुनी रीत तीच आहे." मी आठवडाभर काड्यांच्या काळजीत होते.

पण आय खाईना. तिने तो तुकडा नुसता बघितला. जन्मापासून ती माशांत होती; एडवणला माहेरी, दांडीला सासरी. कच्चा मासा तिने कधी तोंडात घातला नव्हता. तिने खाली वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. मग अंगठ्याने तुकडा हलकेच दाबला, बाजारात दाबायची तसाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ह्यो आजचा नाय," आय म्हणाली. "कालचा पन नाय."

साहेबांनी विचारलं, "ओकासान काय म्हणतात?" मी म्हटलं, काही नाही, छान आहे म्हणतात. पण साहेब तीन महिने आमच्यात राहिले होते. ते माझ्याकडे बघत थांबले. शेवटी मी सांगितलं. त्यांनी खाली बघून, अगदी हळू आवाजात ते आचाऱ्याला सांगितलं. बाजूच्या खुर्चीवरचं जपानी गिऱ्हाईक खाता खाता थांबलं.

आचाऱ्याने सुरी खाली ठेवली. हात पुसले. मग आयकडे सरळ बघून तो बोलायला लागला, आणि साहेब ते तुकड्या तुकड्याने मला सांगू लागले. बाईंचं बरोबर आहे. हा मासा मारून पाच दिवस झाले. विमानाने आला. काही मासे ठेवले की मुरतात, तेव्हा त्यांना चव येते.

"पाच दिस?" आयने तुकडा उचलला आणि नाकापाशी नेला. "पाच दिस झाले नि वास कसा नाय? त्याला इचार. कसा नाय वास?"

हे विचारताना तिचा आवाज बदलला होता. बाजारातली हुज्जत त्यात नव्हती. शाळेत मला न कळलेली गोष्ट मी जशी विचारायचे, तसं ती विचारत होती.

आचाऱ्याने आपल्या डोळ्यामागे, कानशिलावर बोट टेकवलं. मासा बोटीवर आला की लगेच इथे टोचायचं. त्याला तडफडू द्यायचं नाही. मग कल्ल्यापाशी कापून सगळं रक्त वाहू द्यायचं आणि बर्फाच्या पाण्यात ठेवायचं. जो मासा तडफडून मरतो, त्याचं मांस त्या धडपडीतच खराब होतं. जो क्षणात मरतो, तो टिकतो.

मी हे सगळं आमच्या बोलीत सांगितलं. आयने हातातला तुकडा फळीवर ठेवला.

"आमी तं टोपलीत टाकतो," ती शेवटी म्हणाली. "तडफडतो ता दाखवून इकतो. बघ बाई, किती ताजा. इतकी वरसं इकला तसाच." थोड्या वेळाने म्हणाली, "ता नको सांगू त्याला."

पण मी सांगितलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आचाऱ्याने ऐकलं आणि फळीच्या पलीकडून तो आयला वाकला. नमस्कारासारखं थोडंसं नव्हे, चांगला कमरेतून वाकला. साहेब म्हणाले, "तो म्हणतो, त्यालाही हे त्याच्या गुरूने सांगेपर्यंत माहीत नव्हतं."

आयने तुकडा उचलून तोंडात घातला. डोळे उघडेच ठेवले. मी तिच्या गालाकडे बघत होते. तिने दोनदा चावलं आणि थांबली. "गेला," ती म्हणाली. "चावायच्या आधीच गेला." मग जरा विचार करून, "भात मातर आंबलेला हाय." साहेब इतके हसले की त्यांची टोपी पडली. भातात व्हिनेगर घालतात, हे त्यानंतर तिला समजावून सांगावं लागलं.

पुढचे दोन तास कसे गेले ते सांगता येत नाही. माकूल, म्हणजे स्क्विड, आली, दुधासारखी पांढरी, तिच्यावर केसाएवढ्या बारीक चिरा. कोळंबी आली. मातीच्या झाकण घातलेल्या कपात अंड्याचं काहीतरी इतकं हलकं आलं की चमचा लागताच थरथरायचं. प्रत्येक वेळी आचारी आधी मासा आयला दाखवायचा, ती आमच्याकडचं नाव सांगायची, तो ते नाव पुटपुटून बघायचा. 'कोळंबी' त्याला जमेना. 'बोय' पहिल्या फटक्यात जमलं.

शेवटी त्याने आतून एक अख्खा रावस आणला आणि आयच्या पुढे ठेवला. हा इथलाच, सकाळी मुंबईच्या धक्क्यावरून घेतलेला. बाईंना काय वाटतं? आयने बांगड्या मागे सारल्या. कल्ला उचलला, आत बघितलं, डोळा बघितला, पोटावरून अंगठा फिरवला. मग मासा उलटा करून दुसऱ्या बाजूनेही तसंच केलं. "ह्यो बोटीवर उन्हात राहिला," ती म्हणाली. "बरफ मागून टाकला. ही बाजू खाली होती, ही वर." आणि तिने एका बोटाने खवल्यांवरचा फिका पट्टा दाखवला. मला तो सांगितल्यावरही दिसला नाही. आचाऱ्याला दिसला. तो म्हणाला, मला शंका आली होती, पण इथे कुणाकडून घ्यायचा ते कळत नाही.

"माज्या दारात ये," आय म्हणाली. "भरतीला बोट लागते. सोताच्या डोळ्यांनी बघ नि घे."

साहेबांनी ते सांगितलं आणि त्याला गावाचं नावही लिहून दिलं; पण असं आपण बोलतोच. मला वाटलं, बोलणं झालं, संपलं. साहेब बुधवारी गेले.

दोन आठवड्यांनी दुपारी गेटवरच्या वॉचमनने निरोप आणला की दांडीच्या मच्छीमार सोसायटीतून फोन आहे. सोसायटीचा कारकून ओरडत होता, "अगो, लवकर ये! तुमच्या घरी जपानी आलाय. टॅक्सी घेऊन. काय बोलतो ता कोनाला कळत नाय!"

मी सायकल काढली आणि निघाले. घरी पोचले तर ओटीवर कुणी नाही. सगळा पाडा किनाऱ्यावर जमला होता. पुळणीवरून खाली धावले, तर बाबांची बोट नुकतीच लागली होती आणि तो आचारी पँट गुडघ्यावर गुंडाळून पाण्यात उभा होता. बाजूला आय, लुगडं खोचून. त्याच्या हातात जिवंत रावस. त्याने बोटाने माशाच्या डोळ्यामागची जागा चाचपली, खिशातून एक बारीक पोलादी दाभण काढला आणि टोचला. मासा एकदा थरकला, त्याने तोंड उघडलं आणि शांत झाला. अंगावरचा रंग क्षणभर उजळल्यासारखा झाला. इतकी माणसं होती, पण मला फक्त लाटांचा आवाज ऐकू येत होता. बाबा बोटीच्या कडेवर हात ठेवून उभे होते. कालपर्यंत आमच्याकडून ऐकून जपान्याची नक्कल करून हसणारा माणूस तो.

मी दुभाषी म्हणून पुढे होणार होते, पण पाय उचलला नाही. आयने दाभण मागितला. आचाऱ्याने तिच्या हातात दिला, तिचं बोट धरून दुसऱ्या माशाच्या डोक्यावर नेमक्या जागी ठेवलं. ती आमच्या भाषेत विचारत होती, "हितं? का हितं?" तो त्याच्या भाषेत सांगत होता. तिने टोचलं. मासा शांत झाला. दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

मग त्याने कापडात गुंडाळलेली सुरी काढली आणि आमच्या ओटीवर, आयच्या फळीवर रावस कापला. आयने आधी खाल्ला. मग तिने एक तुकडा बाबांपुढे धरला. बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं, तुकडा तोंडात टाकला आणि समुद्राकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. "कसा लागला?" कुणीतरी विचारलं. बाबा म्हणाले, "समजत नाय. अजून एक दे."

तो आचारी त्यानंतर वर्षभर, सुट्टीच्या दिवशी, दर दोन-तीन आठवड्यांनी यायचा. थर्मोकोलच्या पेटीत मासे घेऊन जायचा. बाबा रावस आणि घोळ हे मासे बोटीवरच टोचायला शिकले. गावातले आणखी दोघं-तिघं शिकले, बाकीचे हसले. पहिल्या काही वेळा मी कारखान्यातून अर्धी रजा घेऊन धावत घरी जात होते, आपल्याशिवाय त्यांचं कसं होईल म्हणून. नंतर माझ्या लक्षात आलं की मी गेले की उलट त्यांचं बोलणं अडतं. दोघं ओटीवर पाय सोडून बसायची आणि आपापल्या भाषेत तासभर बोलायची.

एकदा मी तिला विचारलं, "आय, तुमी बोलता काय? तुला त्याचा कळतो काय, त्याला तुजा कळतो काय?"

ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी मासळीचा बोलते. तो मासळीचा बोलतो. त्यात न कळायला काय हाय?"

पुढच्या पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि त्याच काळात तो आपल्या देशी परत गेला, असं हॉटेलात फोन केल्यावर कळलं. मी ते आयला सांगितलं. "गेला का?" ती म्हणाली. मग विचारलं, "त्याचा गाव समुद्रावर हाय ना?" मला माहीत नव्हतं, पण साहेबांच्या मुलखातला म्हणजे असणारच. मी हो म्हटलं. "मग बरा," ती म्हणाली आणि पाटी उचलून बाजाराला निघाली.